मज्जापेशींचे कोठार

उत्तर कानडा जिल्ह्यातील जोयडा तालुका हा काळी नदीच्या खोऱ्यातील रानांचा मुलूख. पूर्वी हा सुपे तालुका म्हणून ओळखला जाई; जुने सुपे गाव धरणाच्या जलाशयाखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. येथे कोकणी, मराठी आणि कानडी या तिन्ही भाषा एकमेकींच्या अंगणात वावरतात. रानातील कंदमुळांची पारख येथील कुणबी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जतन केली आहे. या मुलखातील दोन वनस्पतींची हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. त्यांपैकी एक सर्पगंधा, गुडघाभर उंचीचे, साधेसेच दिसणारे झुडूप. त्याचे सारे मोल मुळात साठवलेले. दुसरी खाजकुइली, म्हणजेच कुहिली. कानडीत तिला नसगुन्नी म्हणतात, संस्कृतात कपिकच्छू आणि आत्मगुप्ता. पावसाळ्यानंतर जांभळ्या फुलांनी लवणारी ही वेल, पण तिच्या शेंगेवरील पिंगट लव अंगास लागली की मनुष्य खाजवून खाजवून रडकुंडीस येतो.

या दोन वनस्पतींचा आणि मनुष्याच्या मेंदूचा संबंध काय, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, मेंदूतील पेशी परस्परांस निरोप देण्यासाठी जी द्रव्ये बनवितात, ती कशी बनतात, कोठे साठतात आणि कशी संपतात, या ज्ञानाची वाट विसाव्या शतकात या दोन वनस्पतींवरून गेली आहे. आमच्या देवस्थानांच्या सभामंडपातून, उत्सवांच्या व्याख्यानांतून या विषयावर दोन प्रकारचे दावे ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, हे सर्व आमच्या ऋषिमुनींस आधीच ठाऊक होते. दुसरा म्हणतो, आमच्यापाशी केवळ पाला आणि मुळ्या होत्या, ज्ञान सारे पश्चिमेचे. वकिली व्यवसायात एक शिस्त अंगी बाणते: दावा कोणाचाही असो, आधी पुरावा पाहावा. तोच क्रम आम्ही येथे अवलंबिला आहे.

प्रथम जुने दस्तऐवज पाहू. गोव्यात १५६३ साली गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधींवरील संवादग्रंथ छापला गेला. त्यात सर्पविषावर वापरल्या जाणाऱ्या ‘सर्पकाष्ठा’चे वर्णन आहे आणि त्यातील एक प्रकार म्हणजे सर्पगंधा असावी असे अभ्यासक मानतात. त्यानंतरचा दस्तऐवज आमच्या वाचकांस अधिक जवळचा वाटेल. कोचीन येथील डच अधिकारी हेन्द्रिक फान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅम येथे छापून निघाला. या कामी रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांनी साहाय्य केले. महानिघंटूच्या आधारे आपण माहिती पुरविली, असे त्यांचे १६७५ सालचे प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापले आहे, आणि ते आहे नागरी लिपीत, कोकणी भाषेत. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचेही प्रमाणपत्र त्यासोबत आहे. याच ग्रंथाच्या सहाव्या खंडात, १६८६ साली, सर्पगंधेचे चित्र व वर्णन आले. आठव्या खंडात, १६८८ साली, खाजकुइलीचे. मात्र रानात शिरून ही झाडे प्रत्यक्ष उपटून आणणाऱ्या माणसांची नावे त्या ग्रंथात शोधून सापडत नाहीत. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे प्रयोजन आहे.

सर्पगंधेचे शास्त्रीय नाव ‘रौवोल्फिया’. ते प्ल्यूमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने सोळाव्या शतकातील लेओनहार्ट रौवोल्फ या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ १७०३ साली योजिले.

आता मज्जापेशींकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रश्न असा होता की, मेंदू म्हणजे तंतूंचे एकच अखंड जाळे आहे की सुट्यासुट्या पेशींचा समुदाय? इटलीच्या गॉल्जीने जाळ्याचा पक्ष घेतला, स्पेनच्या काहालने सुट्या पेशींचा. १९०६ साली दोघांस मिळून नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्या समारंभातही दोघे परस्परविरुद्ध बोलले. काळाने निकाल काहालच्या बाजूने दिला. पेशी सुट्या आहेत आणि दोन पेशींच्या टोकांमध्ये अतिसूक्ष्म फट आहे, असे ठरले. मग निरोप त्या फटीपलीकडे जातो कसा? १९२१ साली ऑटो लोवी याने बेडकाच्या हृदयावर प्रयोग केला. एका हृदयाची मज्जा चेतवून त्याची गती मंद केली आणि ज्या द्रवात ते हृदय होते तो द्रव दुसऱ्या हृदयास दिला. दुसऱ्याचीही गती मंद झाली. मज्जेतून काही द्रव्य पाझरते आणि तेच निरोप नेते, हे सिद्ध झाले. लोवी आणि हेन्री डेल यांस १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि हे झाले हृदयाचे. मेंदूतही हाच व्यवहार चालतो हे मानण्यास पुष्कळ शास्त्रज्ञ १९५० पर्यंत तयार नव्हते. तेथे विजेचाच खेळ आहे, असे त्यांचे म्हणणे. हा वाद मिटविणाऱ्या साक्षीदारांत सर्पगंधेची साक्ष फार वजनाची ठरली.

१९३१ हे साल या हकीकतीत महत्त्वाचे. त्या वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा उन्मादावर आणि रक्तदाबाच्या विकारावर गुणकारी असल्याचे लिहिले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बी कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी तिच्या मुळातून स्फटिकरूप द्रव्ये वेगळी केली आणि एकास हकीम अजमल खान यांच्या नावावरून ‘अजमलीन’ म्हटले. या लेखांकडे परदेशी वैद्यकाने पाहिलेही नाही. पाहिले ते १९४९ साली, जेव्हा मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नल या इंग्रजी नियतकालिकात ५० रुग्णांवरील आपला अनुभव आकडेवारीसह मांडला. रक्तदाब उतरतो, रुग्ण शांत होतो, हे त्यांनी मोजून दाखविले. पुढे १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळातील प्रभावी द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव रेसर्पिन. डॉ. वकील यांस १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिकाने गौरविण्यात आले.

रेसर्पिनने रक्तदाब उतरे, वेड्यांच्या इस्पितळातील आकांत निवे. पण काही रुग्ण अतिशय खिन्न होत, आणि काहींचे हातपाय ताठ होऊन थरथरू लागत, जणू कंपवातच जडला. औषधाच्या या दोषानेच विज्ञानास दिशा दाखविली. १९५५ साली अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, रेसर्पिन दिले म्हणजे शरीरातील सेरोटोनिन या द्रव्याचा साठा रिता होतो. पुढच्या वर्षी एडिंबर्ग येथे मार्था फोग्ट आणि मार्गारेट होल्झबाउअर यांनी मेंदूतील नॉरअ‍ॅड्रेनॅलिनविषयी तेच सांगितले. १९५७ साली स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे कान पाडून निश्चल बसले. मग त्यांस डोपा नावाचे द्रव्य टोचले. थोड्याच वेळात ससे उठून हिंडूफिरू लागले. पण मेंदू तपासता नॉरअ‍ॅड्रेनॅलिन परत आले नव्हते. मग हा चमत्कार कशाने? डोपापासून बनणाऱ्या डोपामिनने. तोवर डोपामिन ही केवळ वाटेवरची एक पायरी समजली जाई. ते स्वतःच निरोप्या आहे, हे या सशांनी सांगितले. कार्लसन यांस त्याबद्दल २००० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

हा व्यवहार नीट समजावा म्हणून आम्ही देवस्थानाच्या कोठाराचा दृष्टांत घेतो. महानैवेद्य व्हावयाचा तर शिधा यावा लागतो, रांधणारे लागतात, रांधलेले झाकून ठेवण्यास पात्रे लागतात आणि पंगत बसली की वाढणारे लागतात. मज्जापेशीचे असेच आहे. टायरोसिन हे अन्नातून मिळणारे अमिनो आम्ल म्हणजे शिधा. पेशीतील एक विकर त्याचा डोपा करते, दुसरे विकर डोपाचा डोपामिन करते आणि काही पेशींत तिसरे विकर त्याचेच नॉरअ‍ॅड्रेनॅलिन करते. पहिली पायरी सर्वांत मंद. सारा पाक किती होणार हे तीच ठरविते, आणि तिचे विकर १९६४ साली नागात्सु, लेविट आणि उडेनफ्रेंड यांनी शोधले. ही विकरे पेशीच्या मुख्य देहात घडतात आणि लांब तंतूतून टोकापर्यंत वाहून नेली जातात. प्रत्यक्ष पाक मात्र बहुतांशी त्या टोकाशी, पंगतीच्या जवळच होतो. तयार डोपामिन सूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवले जाते. विजेची लहर टोकास पोहोचली की कॅल्शियम आत शिरते, पिशव्या उघडतात आणि निरोप फटीपलीकडे जातो.

सर्पगंधा करते काय? ती शिधा अडवीत नाही, रांधणाऱ्यांसही हात लावीत नाही. पिशवीत द्रव्य भरणारे जे द्वार आहे, तेथे रेसर्पिन जाऊन ठाण मांडते. पात्रात न भरलेले अन्न उघड्यावर नासावे तसे पिशवीबाहेर राहिलेले डोपामिन पेशीतील दुसरे एक विकर नष्ट करून टाकते. चूल पेटलेली असते, पण कोठार रिकामे. म्हणूनच औषध थांबविल्यावरही त्याचा परिणाम कित्येक दिवस टिकतो. सर्पगंधेच्या मुळाने असे कोठार रिते केले नसते, तर मेंदूत कोठार आहे हे कळावयास आणखी किती वर्षे लागली असती, कोण जाणे.

आता दुसरी साक्षीदार, खाजकुइली. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी तिच्या बियांतून डोपा वेगळा केल्याचे बायोकेमिकल जर्नल या इंग्रजी नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यापूर्वी युरोपात एका घेवड्याच्या जातीत तो सापडला होता. १९३८ साली जर्मनीत पीटर होल्ट्स याने डोपाचा डोपामिन करणारे विकर शोधले. बी एका देशात, विकर दुसऱ्या देशात. दोहोंचा मेळ बसावयास वीस वर्षे जावी लागली. १९६० साली व्हिएन्नात होर्निकीविच आणि एरिंगर यांनी कंपवाताने मृत झालेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन फार घटलेले असते हे दाखविले, आणि १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोत्सियास यांनी डोपाची मात्रा हळूहळू वाढवीत नेऊन जखडलेल्या रुग्णांस चालते केले. डोपामिनच का देत नाहीत, हा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. रक्त आणि मेंदू यांमध्ये एक राखण आहे. ती डोपामिनला आत सोडीत नाही. डोपा मात्र अमिनो आम्लांच्या वाटेने आत जातो आणि तेथील पेशी त्याचा पाक करतात. म्हणजे जी मंद पहिली पायरी पेशीने चढावयाची, ती खाजकुइलीच्या बियेत आधीच चढून झालेली असते.

१९७८ साली मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांस या बियेचे चूर्ण देऊन निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९५ साली ६० रुग्णांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला, आणि २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर केलेल्या तुलनेत या बियेच्या औषधाचा गुण प्रचलित गोळ्यांहून लवकर आला आणि अधिक वेळ टिकला. रुग्णसंख्या लहान आहे, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

खाजकुइलीची आणखी एक गंमत आहे. तिच्या शेंगेच्या लवेत सेरोटोनिन असते, असे १९५४ साली आढळले. जे द्रव्य मेंदूतील पेशी निरोपासाठी बनवितात, तेच ही वेल आपल्या शेंगेच्या लवेत बनविते. खाज मुख्यत्वे लवेतील एका प्रथिनभेदक विकराने उठते, असे पुढे ठरले. तरी वनस्पती आणि मनुष्य यांची रसायनशाळा किती जवळची आहे, हे त्यावरून दिसते.

आतापर्यंत आम्ही मज्जापेशींविषयीच बोललो. पण देवळाच्या पाकशाळेत केवळ आचारी नसतात. पाणी भरणारे, भांडी घासणारे, उरलेला शिधा पुन्हा कोठारात नेऊन ठेवणारेही असतात आणि त्यांची नावे कोणी घेत नाही. मेंदूत हे काम ग्लिया पेशी करतात. १८५६ साली रुडॉल्फ फिर्खो याने त्यांस हे नाव दिले, त्याचा अर्थ सरस किंवा खळ. मेंदू जागच्या जागी चिकटवून धरणारे निर्जीवसे भरण, अशी त्यांची गणना झाली. शंभर वर्षे त्या त्याच नावाखाली दडून राहिल्या.

परंतु ग्लुटामेट हे मेंदूतील सर्वांत सामान्य चेतक निरोप्या. ते फटीत सांडल्यावर ग्लियातील तारकापेशी ते टिपून घेतात, त्याचे ग्लुटामिन करतात आणि मज्जापेशीस परत देतात. मज्जापेशी त्याचे पुन्हा ग्लुटामेट करते. काही पेशी त्याच ग्लुटामेटपासून ‘गाबा’ हा शांत करणारा निरोप्या बनवितात. ग्लुटामिन करणारे विकर मेंदूत मुख्यत्वे तारकापेशींतच असते, हे १९७० च्या दशकात नोरेनबर्ग आणि मार्तिनेझ-एर्नान्देझ यांनी दाखविले. साखरेपासून नवे ग्लुटामेट घडविण्यास लागणारे एक आवश्यक विकरही तारकापेशींपाशीच आहे. म्हणजे मज्जापेशीचा सर्वांत मोठा शिधा या नावगाव नसलेल्या सेविकेच्या हातून येतो. डी-सेरीन या आणखी एका संदेशद्रव्याविषयी तर वाद आहे: १९९५ साली बाल्टिमोरच्या सॉलोमन स्नायडर यांच्या शाळेने ते तारकापेशींत पाहिले, पुढच्या शोधांनी ते मुख्यत्वे मज्जापेशीच बनवितात असे सुचविले. त्या खटल्याचा अंतिम निकाल अद्याप लागलेला नाही. ग्लिया संख्येने मज्जापेशींच्या दसपट असतात असे पुस्तकांतून दीर्घकाळ छापले जाई. २००९ साली ब्राझीलमध्ये झालेल्या मोजणीत मज्जापेशी सुमारे ८६ अब्ज आणि इतर पेशी जवळजवळ तितक्याच निघाल्या.

आता निवाड्याकडे येऊ. आयुर्वेदाने आत्मगुप्तेस बल्य मानले, वातव्याधीत तिची योजना केली. माधवनिदानात वेपथू, म्हणजे कंप, हा वातविकार म्हणून सांगितला आहे. सर्पगंधेचा शामक गुण वैद्यांस आणि खेड्यातील सुइणींस ठाऊक होता. हा अनुभव खरा आहे आणि त्याचा अभिमान रास्त आहे. परंतु डोपामिन, पिशव्या, विकरे यांची वार्ता कोणत्याही संहितेत नाही, आणि ती तेथे आहे असे म्हणणे पूर्वजांच्या तोंडी न बोललेली साक्ष घालण्यासारखे आहे. उलट पक्षी, मुळी आणि बी यांचा गुण कोणी ओळखून ठेवला नसता, तर सिद्दिकी, वकील, दामोदरन यांच्या हाती तपासावयास काही आलेच नसते. कारण ज्ञानाच्या या व्यवहारात ग्लियाचे काम करणारे पुष्कळ होते: ‘होर्तुस’च्या पानांत नाव नसलेले झाडे आणणारे, आणि आमच्या रानांतील मुळ्या खणणारे.

याचा आजच्या व्यवहाराशी संबंध आहे. रेसर्पिनची मागणी वाढली तशी रानांतील सर्पगंधा बेसुमार खणली गेली. मूळच उपटावयाचे असल्याने झाडही जाते. १९९० साली ती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या वनस्पतींच्या यादीत आली. २००२ च्या जैवविविधता अधिनियमाने प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती असावी आणि लोकांच्या ज्ञानाची नोंदवही व्हावी, अशी व्यवस्था केली. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथांत संहिताबद्ध झालेल्या पारंपरिक ज्ञानाचा उपयोग करणाऱ्यांस लाभवाटपाच्या बंधनातून सूट दिली. संहिता कोणाच्या? ज्यांच्यापाशी ग्रंथ होते त्यांच्या. जोयड्याच्या कुणबी बाईपाशी ग्रंथ नाही. तिचे ज्ञान तिच्या हातात आणि जिभेवर आहे. ते लिहून निघाले नाही, तर न्यायालयात त्यास पुरावा म्हणून कोण उभे करणार? म्हणून आमच्या वाचकांत जे शिक्षक, वकील, वैद्य आहेत त्यांनी आपापल्या ग्रामपंचायतीची नोंदवही आहे काय, तीत काय लिहिले आहे आणि कोणाच्या नावावर, हे एकदा पाहावे.

आणि एक सावधगिरी. हे वाचून कोणी घरच्या घरी बी कुटून खाऊ नये. १९८९ साली आफ्रिकेतील मोझांबिकमध्ये दुष्काळात लोकांनी या वेलीच्या बिया खाल्ल्या. त्या अनेकदा उकळून पाणी टाकून देण्याची रीत होती. पाण्याच्या दुर्भिक्ष्याने ती मोडली आणि दोनशेहून अधिक माणसे भ्रमिष्ट झाली. रीत मोडली की औषधाचे विष होते. कंदाची खाज कशी मारावी, कोणते मूळ कोणत्या ऋतूत खणावे आणि कोणते राखावे, हे जाणणारी माणसे जोयड्याच्या रानांत अजून आहेत. ती आहेत तोवर त्यांस विचारावे, आणि त्यांनी सांगितलेले त्यांच्याच नावासह लिहून ठेवावे.